उपस्थित जनता : एक

दार ढकलून मी आत गेले आणि आतली सातही माणसं बोलायची थांबली. एक लांबट टेबल, त्यावर कागद आणि कॉफीचे मग, टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांच्या एक बाई. माझ्या हातात तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, डोक्याला नवऱ्याची माकडटोपी आणि कोटाखालून हातभर लोंबणारी साडी. साडीच्या काठाला रस्ताभरचं बर्फ चिकटलं होतं.

"सभेला आलीस का?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

मी सभेला आले नव्हते. भोगीचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी संक्रांत. दुपारभर खपून मी लाडू वळले होते आणि ते द्यायला मला कुणीच नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या खोलीत दिवा दिसला, बाहेर गाड्या दिसल्या. माणसं जमलीत म्हणजे काहीतरी कार्य असणार, असं समजून मी निघाले होते. पण चौदा डोळे रोखलेले असताना "मी लाडू वाटायला आलेय" हे कुणाच्या तोंडून निघेल?

"हो," मी म्हटलं. "सभेलाच."

भिंतीला घडीच्या आठ खुर्च्या टेकवून ठेवल्या होत्या. टोपी घातलेल्या एका दणकट माणसाने त्यातली एक उघडली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि मला दिली. हा ड्वेन. मी बसले, डबा मांडीवर ठेवला. पांढऱ्या केसांच्या बाईंनी समोरचा एक कागद उलटा केला आणि त्यावर आपला मग ठेवला. मग कुणाच्या तरी काळ्या कुत्र्यावर चर्चा सुरू झाली. तो कचऱ्याचे डबे पाडत होता. त्या कुत्र्यावर पाऊण तास बोलणं झालं, आणि माझ्या पाहण्यात तरी कुत्र्यावर इतक्या सभ्यपणे कुणी बोललेलं नाही.

शेवटी ड्वेन म्हणाला, "पाचवा विषय राहिला, आर्डिस."

"आज राहू दे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जनतेकडून काही?"

सगळे माझ्याकडे वळले. मी मागे बघितलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर एक पाटी, की बोलू इच्छिणाऱ्यांनी उभं राहून आपलं नाव आणि पत्ता सांगावा. जनता म्हणजे मीच होते.

"नाही, थँक यू," मी म्हटलं. कोपऱ्यात बसलेल्या चष्मेवाल्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

सभा संपल्यावर मी एकदाचा डबा उघडला. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं, हे माझ्या तेव्हाच्या इंग्रजीत कसंबसं समजावलं. ड्वेनने लाडू चावून बघितला आणि विचारलं, दाताच्या डॉक्टरशी तुझं काही साटंलोटं आहे का. आर्डिसबाईंनी आपला लाडू कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. आता निघायला हवं होतं आणि मला निघायचं नव्हतं. घरी गेलं की पुन्हा फ्रिजची घरघर ऐकायची होती. म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पुढची सभा कधी?"

आर्डिसबाईंनी वहीवाल्या व्हर्नाबाईंकडे बघितलं. व्हर्नाबाईंनी आर्डिसबाईंकडे.

"पुढच्या महिन्यात," आर्डिसबाई म्हणाल्या. "दुसऱ्या सोमवारी."

ड्वेनला ठसका लागला. तिळाचा असेल असं मला वाटलं.

ही एकोणीसशे ब्याण्णवची गोष्ट. माझा नवरा दिगंबर परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आयोवात आला होता आणि मक्याच्या बियाण्याच्या एका कंपनीत नवी वाणं तयार करणारा पैदासकार होता. कंपनीची चाचणीची शेतं टिलरी नावाच्या वस्तीला लागून होती, म्हणून आम्ही तिथे भाड्याने घर घेतलं. उन्हाळ्यात तो सकाळी सहाला शेतात जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. थंडी पडली की कंपनी त्याला हवाई बेटांवर पाठवायची, तिथे मक्याचं जास्तीचं पीक घेता यायचं म्हणून. तो नारळाच्या झाडांची चित्रं असलेली पोस्टकार्डं धाडायचा आणि मी ती फ्रिजवर लावून त्यांच्याकडे रागाने बघायचे. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी चालवता येत नव्हती. किराणा अकरा मैलांवर होता.

आणि या टिलरीला म्हणायचं शहर. आयोवाच्या कायद्यात खेडं नाही की गाव नाही. वस्तीची रीतसर स्थापना झालेली असली की ती शहरच, मग तिथे दोन लाख माणसं असोत की दोन डझन. अशी नऊशेच्या वर शहरं त्या एका राज्यात आहेत. टिलरीच्या वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या एकसष्ट लिहिली होती, आणि पाटी रंगवल्यानंतर जे गेले त्यांना कुणी वगळलं नव्हतं. तरी शहराला आर्डिसबाई मेयर होत्या, ड्वेन धरून पाच जणांचं मंडळ होतं, व्हर्नाबाई कारकून होत्या, अकरा दिव्याचे खांब होते आणि आगीच्या बंबाच्या गॅरेजला चिकटलेली एक खोली होती, जिच्यावर सिटी हॉल असं लिहिलं होतं.

मला याचं हसू यायचं, कारण मी नगरपालिकेच्या घरातली होते. आमच्या तालुक्याच्या गावी अण्णा, म्हणजे माझे वडील, सभेचे कारकून होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी सभांची इतिवृत्तं लिहिली. लहानपणी मला त्यांच्याबरोबर सभागृहाच्या मागच्या बाकावर बसायची परवानगी होती, एका अटीवर, की तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते निवडून आलेल्यांनी, अण्णा सांगायचे. बाकीच्यांनी ऐकायचं. एकदा मागून एक माणूस पाण्याच्या नळाबद्दल ओरडला तेव्हा शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं होतं. मी सात वर्षांची होते. अण्णांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं होतं, समजलं ना, अशा नजरेने.

तर मी दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी जाऊ लागले. आठ खुर्च्यांतली एकच उघडली जायची. फेब्रुवारीत रस्त्यावरचं बर्फ काढण्याबद्दल, मार्चमध्ये बागेतल्या मोडक्या झोपाळ्याबद्दल, एप्रिलमध्ये वादळाच्या भोंग्याबद्दल. दर वेळी शेवटी आर्डिसबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. "जनतेकडून काही?" मी म्हणायचे, "नाही, थँक यू." मला तो उपचार वाटायचा, आपल्याकडे जेवण झाल्यावर आणखी वाढू का विचारतात तसा. व्हर्नाबाई लिहून घ्यायच्या आणि सगळे कोट घालायला उठायचे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्या शहराशी काडीचं देणंघेणं नव्हतं. मला आवाज हवे होते. टिलरीची माणसं वाईट नव्हती. गाडीतून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायची. पण फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं, आणि फोन करायला काही कारण लागायचं. मी जिथून आले होते तिथे दुपारी चारला शेजारीण वाटी घेऊन आली की सहापर्यंत हलत नसे. आई तिच्यावर करवादायची. टिलरीत त्या शेजारणीची आठवण येऊन मी भांडी घासता घासता रडले आहे.

पण वर्षभर एखाद्या गोष्टीबद्दल ऐकत राहिलं की ती आपली होते. कुठली मोरी पावसात तुंबते ते मला कळायला लागलं. रात्री झोपण्याआधी मी खिडकीतून दिवे मोजायचे. दफनभूमीच्या कोपऱ्यावरचा दिवा एकदा चार दिवस बंद होता आणि मला चैन पडेना. पुढच्या सभेत आर्डिसबाईंनी तो विषय काढला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मान डोलावली. व्हर्नाबाईंनी माझ्याकडे बघून पेन उचललं. मी पटकन मान खाली घातली.

हे सगळं मी अण्णांना लिहायचे. पत्र जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा दिवस. निवृत्त झाल्यापासून अण्णांना कशातच गोडी राहिली नव्हती, पण टिलरीच्या सभेने त्यांना नवा हुरूप आला. गणपूर्ती किती धरतात, ठरावाला अनुमोदक लागतो का, मेयरला मत असतं का? मी व्हर्नाबाईंना विचारून कळवलं की मेयरला मत नसतं, त्यांनी फक्त सभा चालवायची. अण्णांना हे फार पटलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "सभेला जातेस ते चांगलं. मात्र मध्ये बोलत जाऊ नकोस. आपण परक्याच्या घरी आहोत."

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पूर आला. सगळ्या राज्यातच आला होता. टिलरीच्या सांडपाण्याच्या तळ्याचा बांध फुटला. दोन दिवस आम्ही सगळे वाळूची पोती भरत होतो, मी दिगंबरची पँट घालून, ड्वेनच्या शेजारी. पाणी ओसरलं आणि माणसं थकून गेली. सप्टेंबरात मंडळाच्या निवडणुकीसाठी अर्ज भरायची मुदत संपली आणि एकाही माणसाने अर्ज भरला नाही. ड्वेननेसुद्धा नाही.

पुढच्या सभेत त्याने विषय मांडला, शहर विसर्जित करावं. रस्ते काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, जातील, बाकीचं ज्याचं तो बघेल. कायद्याने त्यासाठी जाहीर सुनावणी लागत होती. ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी ठरली. घरी येऊन मी दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला, आपलं काय त्यात? दोन वर्षांनी आपण इथे नसू. तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याचं ताट वाढून दिलं आणि खिडकीत जाऊन दिवे मोजत बसले.

सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी आर्डिसबाईंचा फोन आला. लाल भोपळ्याचा पाय केलाय, घेऊन येऊ का? पाय म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेला तिकडचा पदार्थ. पाच मिनिटांत त्या दारात होत्या. त्याच वस्तीत राहून पावणेदोन वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्या घरात येत होत्या. त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नसे, म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नव्हते. मनात मात्र आर्डिसबाईच. मी आल्याचा चहा केला. त्यांनी दोन घोट घेतले आणि खिडकीतून सिटी हॉलकडे बघत बसल्या.

"इथून चांगलं दिसतं गं," त्या म्हणाल्या.

"हो. दिवा लागला की कळतं मला."

"सोमवारी येशील ना?"

"येईन की."

त्यांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. "सुनावणी असली की कुणालाही बोलता येतं. नागरिक असायला हवं असं काही नाही. इथे राहत असलं की झालं."

"हो का," मी म्हटलं.

"मनात काही असेल तर."

त्या आणखी थोडा वेळ बसल्या. हवेबद्दल बोलल्या, कापणी उशिरा चाललीय म्हणाल्या. मला वाटलं, थकलेल्या बाई आहेत, सुटका होतेय म्हणून हलकं वाटत असेल, निरोप घ्यायला आल्यात. जाताना त्यांनी दारात थांबून मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग पायचं भांडं परत द्यायची घाई नाही, एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सातला मी गेले. कापणीचा हंगाम, माणसं शेतात होती. ज्यांना काही म्हणायचं नव्हतं ती घरी टीव्हीसमोर होती. त्या रात्रीही जनता एकच होती.

ड्वेन थेट शेतातून आला होता, त्याच्या भुवयांवर मक्याचा भुसा होता. तो उभा राहून बोलला, जे तो कधी करत नसे. म्हणाला, माझ्या आजोबांनी हे शहर स्थापन करायच्या कागदावर सही केली होती, मला यात आनंद नाही. पण कुणी उभं राहत नाही. कुणाला हवं आहे असं दिसत नाही. मग आम्ही सात म्हाताऱ्यांनी कुणासाठी ओढायचं? एवढं बोलून तो बसला आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

आर्डिसबाईंनी चष्मा काढला. आजवर त्या चष्म्यावरून बघायच्या. आज त्यांनी तो टेबलावर ठेवला, हात एकात एक गुंफले आणि माझ्याकडे वळल्या.

"जनतेकडून काही?"

मी वाक्य तयार करून आले होते. दोन दिवस भांडी घासताना घोकलं होतं. कृपा करून बंद करू नका. महिन्यातला हा एक दिवस मला हवा असतो. हे दिवे माझे आहेत असं मला वाटतं. मी उठायच्या बेतात होते. आणि त्याच वेळी तो नळवाला माणूस आठवला, दंडाला धरून नेलेला. मी कोण यांची? भाडेकरू. आज आहे, उद्या नाही. त्यांचं शहर, त्यांचे आजोबा, त्यांचे थकलेले हात. मी बसून ऐकणारी. माझ्या एकटेपणासाठी त्यांनी मोऱ्या साफ करत राहायचं का?

कुणी घाई करत नव्हतं. व्हर्नाबाईंनी पेन कागदाला टेकवून ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "थँक यू."

आर्डिसबाईंनी चष्मा लावला आणि "बरं" म्हणाल्या. व्हर्नाबाईंनी नावं पुकारली. चौघांनी हो म्हटलं. ड्वेनचं नाव शेवटी होतं आणि त्याने फार वेळ लावला. ठराव त्याचा स्वतःचा होता, म्हणून मला नवल वाटलं. शेवटी तोही हो म्हणाला. माणसं कोट घालून, एकमेकांकडे न बघता बाहेर पडली. आर्डिसबाईंनी माझी खुर्ची स्वतः घडी केली आणि इतर सातांच्या शेजारी लावून ठेवली.

कागद राज्याच्या मंडळाकडे गेले, मंजूर झाले, आणि नव्या वर्षात टिलरी शहर राहिलं नाही. अकरा दिव्यांतले दहा बंद झाले. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी मी लाडू वळले आणि खिडकीत उभी राहिले. समोर काळोख होता. शेवटी फोन करून लाडू आर्डिसबाईंच्या घरी नेऊन दिले. आम्ही कॉफी प्यायलो, थंडीबद्दल बोललो. त्यांच्या कपाटावर काचेच्या वाटीत एक वाळलेला, काळपट लाडू ठेवलेला मी बघितला. पहिल्या वर्षीचा होता.

अण्णांना मी सुनावणीचं सगळं लिहिलं होतं, थोडं अभिमानानेच, की मी शिस्त मोडली नाही. त्यांचं उत्तर उशिरा आलं. अक्षर कापरं झालं होतं. "तुझं पत्र तीनदा वाचलं. मी अठ्ठावीस वर्षं सभा लिहिल्या. त्यात एकाही अध्यक्षाने मागच्या बाकाकडे वळून विचारल्याचं मला आठवत नाही. विचारत नव्हते, म्हणून तुला गप्प बसायला शिकवलं. तुला तर दर महिन्याला विचारत होते. विचारल्यावर बोलायचं असतं, बाळ. हे मी तुला सांगायला हवं होतं."

ते पत्र मी आर्डिसबाईंना वाचून दाखवायचं ठरवलं होतं. मग दिगंबरची बदली झाली, मुलगी झाली, आम्ही डे मॉईनच्या एका उपनगरात घर घेतलं. तेही शहरच. तिथल्या सभांना शेकडो लोक येतात आणि माइकसमोर तीन मिनिटं मिळतात. मी एकदाही गेले नाही. आर्डिसबाई गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. अण्णा त्याआधीच गेले होते.

वीस वर्षांनंतर व्हर्नाबाईंच्या नातीचा फोन आला. आजी वृद्धाश्रमात आहे, शहाऐंशी वर्षांची. टिलरीची इतिवृत्तं काउंटीच्या संग्रहालयात जाणार आहेत. ती म्हणते, आधी हेमाला दाखवायची.

मी गाडी चालवत गेले. व्हर्नाबाई खिडकीशी बसल्या होत्या, शेजारच्या टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याची वही. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. दुसऱ्या हाताने वही माझ्याकडे सरकवली. मी पानं उलटली. दर पानावर तारीख, हजर सभासद, आणि खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात : उपस्थित जनता, एक. त्याखाली : जनतेचं म्हणणं, काही नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. उपस्थित जनता, एक. उपस्थित जनता, एक.

"तू आलीस त्याच्या आधीची पानं बघ," त्या म्हणाल्या.

आधीच्या पानांवर उपस्थित जनता, शून्य असं होतं. आणि तारखा तीन-तीन महिन्यांच्या अंतराने होत्या.

"सोळा वर्षं कुणी आलं नव्हतं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "तू पुढची सभा कधी म्हणून विचारलंस, आणि आर्डिसने पुढच्या महिन्यात म्हणून ठोकून दिलं. ड्वेन तिच्यावर आठवडाभर चिडला होता."

वहीच्या मागच्या कप्प्यात घडी केलेला एक कागद होता. त्यांनी तो उघडून माझ्यासमोर धरला. टाईप केलेला ठराव, तारीख तेरा जानेवारी ब्याण्णव, विषय पाचवा. टिलरी शहर विसर्जित करण्याबाबत. मागच्या कोऱ्या बाजूवर कॉफीच्या मगाचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं.

"त्या रात्री हे मंजूर होणार होतं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं ठरलं होतं. आणि तू दार उघडून आलीस. डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं, पायापर्यंत रंगीत कापड, हातात डबा. आर्डिस नंतर म्हणाली, बर्फातून चालत सभेला आलेल्या बाईसमोर हे कसं वाचू? आम्हाला वाटलं, कुणाला तरी हे शहर हवं आहे."

मी फक्त आवाजांसाठी आले होते हे त्यांना सांगावं असं वाटलं, पण ते पहिल्या वर्षापुरतंच खरं होतं.

"आणि ड्वेन?" मी विचारलं.

"ड्वेन पुरानंतर खचला होता. तरी सुनावणीच्या आधी आर्डिसला म्हणाला, ती बाई शहर बंद करू नका म्हणाली तर माझं नाव मतपत्रिकेवर हाताने लिहायला सांग लोकांना, आणखी दोन वर्षं ओढतो. म्हणून आर्डिस तुझ्याकडे भोपळ्याचा पाय घेऊन आली. मेयर म्हणून तिला तुला पढवता येत नव्हतं. ती बसून राहिली. तू चहा छान केला होतास म्हणाली."

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं. आवाज नकळत चढला. "कुणीतरी मला विचारायचं होतं."

व्हर्नाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता.

"विचारलं की," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला विचारलं."

खाली लॉनवर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. ते दुसऱ्या टोकाला जाऊन परत आलं. मग व्हर्नाबाईंनी वही स्वतःकडे ओढली आणि शेवटचं पान काढलं. ऑक्टोबर त्र्याण्णव. उपस्थित जनता, एक. त्याखाली, जनतेचं म्हणणं. आणि पुढे कोरं. बाकी सगळ्या पानांवर काही नाही असं लिहिलेलं होतं. इथे काहीच नव्हतं.

"तेवढं लिहायला माझा हात धजला नाही," त्या म्हणाल्या. "तुझा चेहरा मला दिसत होता."

त्यांनी पर्स चाचपून पेन काढलं, टोपण काढायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही. पेन कागदाला टेकवून त्यांनी मान वर केली.

"जनतेकडून काही?"

मी उभी राहिले. नाव सांगितलं, हेमलता दिगंबर बोराडे. पत्ता सांगितला, तिथला, सिटी हॉलसमोरचा, जुना.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

व्हर्नाबाईंनी हळूहळू लिहून घेतलं. मग त्यांनी मला पान वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर वही मिटली.